सोबत जोडले: एकोणचाळीस कागद

भिंगरीला गोवर आला तो मंगळवार होता. तिच्या आईला विचारलं तर ती म्हणते, "आला होता बहुतेक." वडिलांना विचारलं तर ते उलट आपल्यालाच विचारतात, "गोवर की कांजिण्या?" आजीला विचारलं की मात्र वार, तारीख, त्या दिवशी घरात आलेले पाहुणे आणि जाताना त्यांनी विसरलेली छत्री, इथपर्यंत सगळं मिळतं. छत्री अजून घरात आहे. तिच्या दांड्याला चिठ्ठी बांधलेली आहे.

आजी चौतीस वर्षं एका मोठ्या सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये होती. होती असं कचेरी म्हणते. घरातल्यांच्या मते रेकॉर्ड रूमच आजीत होती आणि निवृत्तीच्या दिवशी ती आजीबरोबर रिक्षात बसून घरी आली. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या तीन खोल्यांत एक लोखंडी कपाट आहे आणि कपाटात घरातल्या प्रत्येक माणसाची फाईल आहे. भिंगरीची फाईल ती तीन दिवसांची असताना उघडली. तेव्हा तिचं नाव ठरलेलं नव्हतं, म्हणून फाईलवर नुसतं "नात" असं लिहिलं होतं. पुढे नाव ठरलं, पण पोरगी चालायला लागली तीच गरगरत, आणि सगळी बिल्डिंग तिला भिंगरी म्हणायला लागली. आजीने फाईलवर तेही लाल शाईने नोंदवून ठेवलं.

ही भिंगरी अठरा वर्षांची झाली, दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढी उंच झाली आणि एक दिवस म्हणाली, मी सैन्यात अधिकारी होणार. घरात सगळ्यांनी हसून घेतलं. मग ती सैनिकी अकादमीची लेखी परीक्षा पास झाली, तेव्हा हसणं कमी झालं. मग धावणं, दोर चढणं आणि भिंतीवरून उड्या मारणं यातही ती पास झाली, मुलाखतही झाली, आणि आता उरला होता फक्त एक वैद्यकीय फॉर्म. त्यातला एक रकाना पालकांनी भरायचा होता: "उमेदवाराचे पूर्वीचे आजार, शस्त्रक्रिया व दुखापती." खाली पाच ओळी.

"हे आईंना द्या," सून म्हणाली. ती शाळेत शिकवते आणि स्वतःच्या वर्गातल्या चाळीस पोरांचे आजार तिला पुरेसे असतात.

मुलगा विमा कंपनीत. लोकांचे फॉर्म वाचण्यात त्याचं आयुष्य चाललेलं. त्याने आजीसमोर फॉर्म ठेवला आणि जरा दबक्या आवाजात म्हणाला, "आई, पाच ओळी दिल्यात म्हणजे त्यांना दोनच हव्या असतात."

"आणि खरी माहिती?"

"खरीच लिही गं. पण थोडी लिही."

"चौतीस वर्षांत," आजी चष्मा पुसत म्हणाली, "मी कुणाला थोडी माहिती दिलेली नाही."

आणि तिने दिली नाही. पाच ओळींत तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं: "सोबतची पुरवणी पाहावी." पुरवणी सहा पानांची झाली. त्यात सत्तावीस नोंदी होत्या. प्रत्येक नोंदीला क्रमांक होता आणि जिथे पुरावा होता तिथे पुरावा जोडलेला होता. नोंद क्रमांक तीन: जिन्यावरून पडणे, चार पायऱ्या, उजवा गुडघा. नोंद क्रमांक नऊ: नाकात मणी घालणे, डावी नाकपुडी, मणी हिरवा, "मणी सोबत जोडला आहे." तो खरोखरच एका छोट्या पाकिटात टाचणीने जोडला होता. नोंद क्रमांक अकरा: शाळेच्या सहलीत उलटी, एकदा जाताना, एकदा येताना. आणि नोंद क्रमांक चौदा: "दमा. वय वर्षे पाच ते आजतागायत. आधारासाठी अर्जांच्या तेरा प्रती पाहाव्यात."

सगळे मिळून कागद झाले एकोणचाळीस. आजीने त्यांना दोरा ओवला, पाकीट लाखेने बंद केलं आणि स्वतः पोस्टात जाऊन रजिस्टर केलं. भिंगरी तेव्हा मैदानावर धावत होती. पाकिटात काय आहे ते तिने विचारलं नाही, कारण आजीच्या कागदात चूक निघाल्याचं या घरात कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

आता हा दमा कुठून आला ते सांगायला हवं.

तेरा वर्षांपूर्वी वरच्या, म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या घड्याळजींनी गच्चीवर बावीस कबुतरं पाळली होती. घड्याळजींचं दुकान रस्त्याच्या कोपऱ्यावर होतं. माणूस नेमका, कमी बोलणारा, दुसऱ्याच्या मनगटाकडे बघून नमस्कार करणारा. कबुतरंही त्यांनी घड्याळं जमवावीत तशी जमवलेली, एकेक पारखून. पण गच्चीचा कठडा नेमका आजीच्या गॅलरीच्या वर, आणि आजीला पांढऱ्या चादरींचा शौक. धुतलेली चादर दोरीवर टाकावी आणि पाच मिनिटांत वरून शेरा यावा, असं रोज व्हायला लागलं. आजीने कमिटीकडे तक्रार केली. कमिटीने ती वाचली. आजीने स्मरणपत्र दिलं. कमिटीने तेही वाचलं. चादरीसाठी कुणी ठराव करत नाही, हे आजीच्या ध्यानात आलं.

त्याच सुमारास पाच वर्षांची भिंगरी सर्दीने खोकत होती. आजी तिला घेऊन डॉक्टरांकडे गेली आणि येताना हातात एक दाखला होता. त्यावर लिहिलं होतं: "दम्याची शक्यता या घडीला नाकारता येत नाही. पक्ष्यांपासून दूर ठेवल्यास बरे." आजीने अर्ज लिहिला. अर्जात जागा कमी होती म्हणून असेल, किंवा शक्यता हा शब्द अर्जात शोभत नाही म्हणून असेल, ती शक्यता तेवढी गळून गेली. दमा उरला. लहान मुलीचा दमा म्हटल्यावर कमिटी हलली. गच्चीवर पक्षी पाळण्यास बंदी, ठराव मंजूर, मुदत एक वर्ष, पुढे परिस्थिती पाहून. घड्याळजींनी कबुतरं टोपल्यांत घालून टेम्पोने दूरच्या भावाकडे पाठवली आणि त्या दिवसापासून आजीशी बोलणं टाकलं.

मुदत एक वर्षाची असल्यामुळे आजीने दर वर्षी सभेच्या आधी नवा अर्ज द्यायचा: "माझ्या नातीची दम्याची व्यथा अद्याप कायम असल्याने…" सुवाच्य अक्षर, दोन प्रती, एक फाईलला. दर वर्षी ठराव मंजूर. बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या सह्या. फक्त घड्याळजींची एक ओळ खाली: "माझा विरोध नोंदवावा."

चादरींवरचे डाग काही पूर्ण थांबले नाहीत. पण त्याबद्दल कुणालाही विचारलं की तो म्हणायचा, "कावळा असेल, आजी." सेक्रेटरी म्हणायचे, "कावळाच." वरून दिवसभर घुं घुं असा आवाज यायचा, त्याबद्दल विचारलं तर, "पाण्याचा पंप आहे हो, जुना झालाय." आजीने पंपाबद्दलही चार अर्ज दिले. स्वतः वर जाऊन बघण्याइतके गुडघे राहिले नव्हते. आजीची गच्ची सुटली ती सुटलीच.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र आजीच्या लक्षात आली नाही. तेरा वर्षं दर वर्षी स्वतःच्या हाताने लिहिलेली गोष्ट खोटी असू शकते, हे ती विसरून गेली होती. तिच्या लेखी भिंगरीला दमा होता. फाईलला होता ना!

अकादमीचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. भिंगरीने ते उभ्याउभ्याच वाचलं आणि खाली बसली.

"नोंद क्रमांक चौदा पाहता उमेदवार वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरत आहे. सूट हवी असल्यास एकवीस दिवसांत अर्ज करावा." पुढे काय काय जोडायचं त्याची यादी. ज्यांनी दमा म्हटलं त्या डॉक्टरांचं स्पष्टीकरण. फुप्फुसांची तपासणी. वयाच्या तेराव्या वर्षानंतर दम्याचं कोणतंही लक्षण दिसलं नाही, असं दहा वर्षं जवळून ओळखणाऱ्या पण नात्यात नसलेल्या माणसाचं निवेदन. आणि शेवटी: "सोबतच्या तेरा अर्जांवर ज्यांची सही आहे, त्यांचा लेखी खुलासा."

खुलासा! आजीने आयुष्यभर लोकांकडून खुलासे मागवले होते. भल्याभल्या साहेबांना तिने "हा कागद आपल्या टेबलावर नऊ दिवस का होता" असं विचारून घाम फोडला होता. तिला कुणी खुलासा मागितला, हे तिने दोनदा चष्मा पुसून वाचलं.

"आजी," भिंगरी हळूच म्हणाली, "तू दमा का लिहिलास?"

"होता म्हणून."

भिंगरीने पत्राची घडी घातली. मग ती बूट चढवून बाहेर निघून गेली. भांडली असती तर आजीला बरं वाटलं असतं.

मुलाने डोक्याला हात लावला. "आई, मी सांगितलं होतं. दोन ओळी."

"तुझ्या विम्यातली अक्कल तुझ्या विम्यात ठेव," आजी म्हणाली. "मी घातलंय, मीच काढीन. एकवीस दिवस आहेत ना? मी एका दिवसात संस्थानाचा नकाशा शोधून दिलाय."

बातमी बिल्डिंगभर व्हायला जिना पुरतो. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या आणि म्हणाल्या, "तिला नर्सिंगला घाला, युनिफॉर्म तिथेही असतो." समोरचे बँकवाले म्हणाले, "वशिला लावा." कुणाचा ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण लावा. तिसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंनी रोज पहाटे खर्ज लावायचा सल्ला दिला आणि लावूनही दाखवला. तेव्हा खालच्या कुत्र्याने साथ दिली.

आजीने अकादमीच्या ऑफिसला फोन केला. पलीकडचा कारकून फार अदबीने बोलला. "आजी, तुमची पुरवणी आमच्याकडे सगळ्यांनी वाचली. साहेबांनी नव्या कारकुनांना नमुना म्हणून दाखवली. अशी क्रमवार पुरवणी आजकाल बघायला मिळत नाही."

आजीचा चेहरा क्षणभर उजळला. "मग नोंद चौदा तेवढी रद्द समजा."

"तेच करता येत नाही ना, आजी. इतकी चांगली पुराव्यानिशी नोंद आहे."

डॉक्टरांनी दवाखाना कधीच बंद केला होता. ते घरी कुंड्यांना पाणी घालत होते. आजीने दाखला समोर धरला.

"अक्षर माझंच," डॉक्टर म्हणाले. "पण बाई, मी शक्यता लिहिली होती. आणि ती का लिहिली तेही सांगू? तुम्ही माझ्या समोरच्या खुर्चीत पाऊण तास बसला होता. बाहेर अकरा पेशंट होते. काहीतरी लिहून दिल्याशिवाय तुम्ही उठला नसता."

"म्हणजे दमा नव्हता?"

"सर्दी होती, बाई. तुम्हाला कबुतरं होती."

डॉक्टरांनी स्पष्टीकरण लिहून दिलं, पाऊण तासासकट. आजीला ते पाऊण तास खोडून घ्यायचे होते, पण डॉक्टर म्हणाले, या वयात मी अर्धवट दाखले देत नाही. आजीने कागद पिशवीत घातला आणि ती घरी निघाली. तरी अजून तिला वाटत होतं, डॉक्टर म्हातारे झालेत, विसरले असतील. नंतर वाढला असेल दमा. तेरा अर्ज उगीच कशाला लिहीन मी?

फुप्फुसांच्या तपासणीत भिंगरीने नळीत फुंकर मारली तेव्हा तिथल्या बाईंनी यंत्र बिघडलं असं समजून दुसरं आणलं. दुसऱ्यातही आकडा तेवढाच आला. "ही पोहते का?" त्यांनी विचारलं. "जिने चढते," भिंगरी म्हणाली. आजीने सहज म्हणून स्वतः फुंकून पाहिलं, तर त्या बाईंनी तिला खुर्ची दिली.

राहिलं निवेदन. इथे गाडी अडली. वहिनींना येऊन चारच वर्षं झालेली. बँकवाले लिहायला तयार होते, पण ते दर वर्षी ठरावावर सही करत आले होते. भिंगरीला दमा आहे, असं तेरा वेळा लिहून देणाऱ्याने आता नाही म्हणून कसं द्यायचं? गाण्याच्या बाईंचं तेच. सेक्रेटरींनी तर रजिस्टर काढून सह्यांवरून बोट फिरवलं. "आजी, अख्खी बिल्डिंग अडकलीय. सही नसलेला एकच माणूस आहे."

आजीला तो कोण ते विचारायची गरज नव्हती. "माझा विरोध नोंदवावा." तेरा ओळी, एकाच शाईत.

अकरा दिवस उरले होते. आजीने ठेवणीतली शाल घेतली, गुडघ्यांना पट्टे बांधले आणि जिना चढायला लागली. दर सहा पायऱ्यांना ती थांबायची आणि मनात वाक्य जुळवायची. "घड्याळजी, झालं गेलं…" नको, फार मऊ. "घड्याळजी, एका मुलीच्या भविष्याचा प्रश्न आहे…" हे बरं. तिसऱ्या मजल्यावर गाण्याच्या बाई दार उघडून बघायला लागल्या. "आजी, वर कशाला? काय हवं ते मी आणते की!" आणि त्या एकदम मोठ्याने खर्ज लावायला लागल्या. आजीला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

चौथ्या मजल्यावर घड्याळजींचं दार उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. वरून, गच्चीवरून आवाज येत होते. एक पंपाचा, घुं घुं. आणि एक भिंगरीचा.

आजी शेवटच्या बारा पायऱ्या कठड्याला धरून चढली.

गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या मागे एक खुराडं होतं. खुराडं कसलं, तीन मजली चाळच होती, हिरव्या रंगाची, प्रत्येक कप्प्यावर नंबर. त्यात आणि त्याच्या भोवती कबुतरं. बावीस नाही, चाळीसेक तरी असतील. आणि मधोमध भिंगरी, हातात खराटा, अंगभर पिसं, धुरळा असा उडतोय की पलीकडचं दिसू नये. त्या धुरळ्यात ती शीळ घालत होती. शेजारी स्टुलावर घड्याळजी बसले होते, हातात स्टॉपवॉच, मांडीवर वही.

शीळ थांबली. कबुतरं तेवढी बोलत राहिली.

आजीला बोलायचं होतं पुष्कळ. पण तोंडातून निघालं ते चौतीस वर्षांचं. "याची नोंद माझ्याकडे कशी नाही?"

"बसा आधी," घड्याळजी म्हणाले. तेरा वर्षांतले हे पहिले दोन शब्द. त्यांनी स्टूल सोडलं आणि स्वतः बादली उलटी करून तिच्यावर बसले.

"ही केव्हा परत आणली?"

"आणली नाहीत. आली. टेम्पोवाला परत यायच्या आधी आली. कबुतरं आहेत ती, बाई. घर विसरत नाहीत."

"आणि कमिटी?"

"कमिटीने पंप म्हणायचं ठरवलं."

"आणि कावळा?"

"कावळा सेक्रेटरींनी सुचवला."

आजीने हिशेब लावला. तेरा वर्षं. बँकवाले, गाण्याच्या बाई, सेक्रेटरी. दर वर्षी सगळ्यांनी गंभीर तोंडाने हात वर केले होते. "माझ्या मुलाला माहीत होतं?"

भिंगरीने मान खाली घालून होकार दिला. "आईला पण."

"आणि तू?"

"मी पाच वर्षांची असल्यापासून येते. रोज सकाळी. शाळेच्या आधी." तिने खराटा भिंतीला टेकवला. "आधी खुराडं झाडायचं, मग जिना. खालपासून वरपर्यंत दहा वेळा. हे आजोबा वेळ मोजतात."

घड्याळजींनी वही पुढे केली. एक वही नव्हती, टोपलीत अशा एकोणीस होत्या. तारीख, वेळ, सेकंद. एकही दिवस रिकामा नव्हता. आजारी असेल तर तेही लिहिलेलं: "आज नाही. घसा." आजीने पानं उलटली. आखणी सरळ, अक्षर बारीक, समासात टीप. आपल्या तोडीचं रेकॉर्ड तिने आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातात पाहिलं.

"मला सांगितलं का नाहीस गं?"

"कसं सांगणार, आजी?" भिंगरी तिच्या पायाशी बसली. "तुला माझा दमा किती महत्त्वाचा होता. अर्जाच्या दिवशी तू मला जवळ घेऊन बसायचीस, पाठीवरून हात फिरवत लिहायचीस. मला वाटायचं, असू दे. आणि परवा पत्र आल्यावर बोलले असते, तर आजोबांची कबुतरं गेली असती."

आजीने डोळे मिटले आणि शोधायला लागली. दम्याचा एक झटका. एकच. वार कोणता, घरात कोण होतं, खिडकी उघडी होती का बंद. जिच्या डोक्यात हिरवा मणी डाव्या नाकपुडीसकट जागेवर होता, तिला त्या कपाटात काहीच सापडेना. कुठे धाप लागलेली पोर नव्हती, रात्रीचं जागरण नव्हतं, औषधाची बाटली नव्हती. आठवत होते ते नुसते अर्ज. एकावर एक, सुवाच्य.

"नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता," घड्याळजी म्हणाले.

"मग तुम्ही निवेदन द्या तसं."

"देतो. आज देतो. पण बाई, मी लिहिणार काय? रोज सकाळी ती माझ्या कबुतरांत असते, असंच लिहावं लागेल. आणि ठरावाप्रमाणे गच्चीवर कबुतरं नाहीतच. नसलेल्या कबुतरांतली साक्ष अकादमी धरेल? आधी ठराव रद्द करा."

मुद्दा बिनतोड होता. आजीने स्वतः हाच काढला असता.

सेक्रेटरी म्हणाले, ठराव रद्द करायला खास सभा, खास सभेला सात दिवसांची नोटीस, आणि ज्यांनी ठराव मागितला त्यांचाच अर्ज. आजीने चौदावा अर्ज लिहिला. सभा जिन्याखाली सायकली सरकवून झाली. सगळे आले. सगळ्यांच्या नजरा जमिनीवर होत्या, कारण आजी वर जाऊन आल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं.

आजी उभी राहिली. कागद हातात, आवाज खणखणीत. "सदर तेरा अर्ज माझ्याकडून अनवधानाने…"

"अनवधानाने तेरा वेळा?" घड्याळजी मागून म्हणाले.

कुणीतरी हसलं आणि खोकल्यात घातलं. आजीने कागदाची घडी घातली. कमरेत सरळ झाली.

"बरं. जाणूनबुजून. माझ्या चादरी खराब व्हायच्या आणि तुम्ही कुणी ऐकत नव्हता. मी पोरीला दमा लावला. पुढे मलाच तो खरा वाटायला लागला. चूक माझी आहे. पण कावळा आणि पंप," तिने एकेकाकडे बघितलं, "ही तुमची. मी त्या पंपासाठी चार अर्ज दिलेत. सेक्रेटरी, तुम्ही त्यातल्या एकावर 'दुरुस्तीचे काम प्रगतीपथावर' असा शेरा मारलाय. दाखवू?"

"नको, आजी," सेक्रेटरी घाईने म्हणाले. "मग रद्द काय करायचं? दमा की बंदी?"

"दोन्ही. आणि पंपाचे अर्ज मागे."

सगळे हात एकदम वर गेले. घड्याळजींचा हात सगळ्यात शेवटी गेला. रजिस्टरवर आपली सही कुठे करायची ते त्यांना सेक्रेटरींनी दाखवावं लागलं.

दोन दिवस उरले असताना पाकीट तयार झालं. डॉक्टरांचा पाऊण तास, फुंकरीचा आकडा, रद्द ठराव, घड्याळजींचं निवेदन आणि वह्यांतल्या निवडक पानांच्या प्रती. राहिला होता खुलासा. अकादमीने त्यासाठी पूर्ण पान दिलं होतं. आजीने दार लावून घेतलं. मुलगा बाहेर येरझारा घालत होता, पुरवणी किती पानांची होते या काळजीने.

दार दहा मिनिटांत उघडलं. पानावर चार ओळी होत्या.

"माझ्या नातीला दमा कधीही नव्हता. मला कबुतरे आवडत नव्हती. तेरा अर्ज मी लिहिले, तिने नाही. मुलगी चांगली आहे, तिला घ्या."

मुलाने ते तीनदा वाचलं. "आई, एवढंच?"

"खरं तेवढंच होतं," आजी म्हणाली. "लाख आण."

पत्र महिन्याभराने आलं. सूट मंजूर. खाली त्या अदबशीर कारकुनाने हाताने लिहिलं होतं: "नोंद नऊमधील मणी परत पाठवत आहोत. त्याची आवश्यकता नाही." आजीने मणी जागेवर ठेवला. मग तिने फाईल मांडीवर घेतली. फाईलमधून कागद काढायचा नसतो, हे तिने चौतीस वर्षं लोकांना शिकवलं होतं. तिने काढले नाहीत. तेरा अर्जांवर एकेक करून लाल शाईत "रद्द" लिहिलं, तारीख घातली, आणि त्यांच्या मागे एकोणीस वह्यांची यादी जोडली.

भिंगरी निघाली त्या सकाळी सगळी बिल्डिंग जिन्यात होती. ती शेवटचं एकदा गच्चीपर्यंत धावत जाऊन आली. घड्याळजींनी वरून ओरडून सेकंद सांगितले आणि वहीत लिहून घेतले. मग ती आजीच्या पाया पडली, बॅग उचलली आणि गेली. कोपऱ्यावरून वळताना तिने हात केला. घड्याळाच्या दुकानाशी तिची उंची पाटीपर्यंत आल्याचं आजीने मनात नोंदवून घेतलं.

घर एकदम रिकामं झालं. हाताला काम हवं म्हणून आजीने पांढऱ्या चादरी धुतल्या, गॅलरीत दोरीवर टाकल्या, कोपरे ओढून सरळ केल्या. वरून घुं घुं चालू होतं. ती आत वळणार एवढ्यात मधल्या चादरीवर, अगदी मधोमध, टप्प.

समोरच्या खिडकीत बँकवाले दात घासता घासता थांबले. खालून वहिनींनी मान वर केली. गच्चीच्या कठड्यावरून घड्याळजींचं डोकं बाहेर आलं आणि तिथेच राहिलं.

आजीने चादरीकडे बघितलं. मग वर बघितलं. एका कबुतराने मान वाकडी करून तिच्याकडे बघितलं.

"कावळा असेल," आजी म्हणाली, आणि चादर उतरवून परत बादलीत घातली.